माझ्याखाली कुणी झोपलं नाही

मी सोलापूरची चादर आहे. पण माझ्याखाली आजवर कुणी झोपलेलं नाही. चादरीला याहून मोठं दुःख नसेल.

बहात्तर साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होणार, म्हणून कारखानदार गुरुसिद्धप्पांना हौस आली. मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्यांना नवी भोकं पडली आणि विणकर मायाप्पानं मला मागावर विणलं. केशरी, पांढरा, हिरवा, मधोमध निळं चक्र. मायाप्पा मूळचा मेंढरांमागचा, त्याच्या घरी घोंगडी विणत. नव्या नक्षीची पहिली चादर विणणाऱ्यानं घरी न्यायची, ही कारखान्याची रीत. तो हरखला. मीसुद्धा!

तेवढ्यात गुरुसिद्धप्पांचे व्याही रेवणसिद्ध वकील आले. मला पाहून त्यांनी कपाळाला हातच लावला.

"अवो, झेंडा विकायच्या मालावर घालता येत न्हाई. कायदा हाय की! आन् पांघरली तर लोकांचे पाय लागणार."

"आमी मानानंच केलं की वो," गुरुसिद्धप्पा पुटपुटले.

ती नक्षी मागावरून उतरली. मला फाडायला कुणाचा हात धजेना. मायाप्पानं मला घरी नेऊन पेटीत ठेवलं. बाहेर एक जुनी चादर होती. पोरं तिच्यासाठी भांडायची, तिचा तंबू करायची, तिच्यावर चहा सांडायची. मला तिचा फार हेवा वाटे.

गेल्या थंडीत मायाप्पाला हिवताप भरला. त्याच्या बायकोनं, राजाबाईनं, घरातलं होतं नव्हतं ते अंगावर घातलं, तरी त्याचे दात वाजत होते. शेवटी तिनं पेटी उघडली. माझा जीव नुसता त्याच्याकडे धावला.

"नगं. ठेव ती," तो म्हणाला.

"पायावर न्हाई घालत. नुसती छातीवर. तुमच्याच हातची हाय की!"

"माज्या हातचा झेंडा हाय, म्हनूनच म्हनतो. ठेव."

तिनं मला परत ठेवलं. तो शेजारी कुडकुडत राहिला आणि मी पेटीत घडी होऊन पडले.

ताप उतरला, पण थंडी त्याच्या हाडांत मुरलीय. कायद्यावर माझा राग नाही. झेंड्याचा बाजार मांडू नये, हे मलाही पटतं. पण मला कुठं झेंडा व्हायचं होतं? राजाबाई, एक कर. मला उसव. चक्र सोड, पट्टे सोड, धागा न् धागा मोकळा कर आणि मायाप्पाला त्याच सुताची साधी चादर विणू दे. तेव्हा मी उरणार नाही. पण त्याच्या अंगावर असेन.