दुसरं उत्तर

ठोका पडला तेव्हा धाकट्याचा उजवा हात मनगटापर्यंत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या आत होता. तो ओरडला नाही. ओरडला तो शेजारच्या मशीनवरचा माणूस. साचा वर गेला आणि खाली हात म्हणावं असं काही उरलं नव्हतं. रक्त पत्र्यावरून ओघळत त्याच्या बुटात उतरलं. धाकट्याने तिकडे एकदा पाहिलं आणि तो मटकन खाली बसला.

वरच्या काचेच्या खोलीतून ताईने हे पाहिलं. ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. कारखान्यातल्या सगळ्या मशीनना कधी चालायचं नि कधी थांबायचं हे सांगणाऱ्या संगणकातल्या स्क्रिप्ट तिच्या हातच्या. खाली फोरमन होता तो या दोघांचाही मोठा भाऊ, दादा. कारखान्यात तिघांचं वाजलं की ते घरी जेवताना मिटायचं, असं सगळे गमतीने म्हणत.

दादाने धाकट्याला लहान पोरासारखं उचललं, चिरडलेल्या हातावर स्वतःचा शर्ट घट्ट बांधला आणि दोघा कामगारांबरोबर गाडीतून दवाखान्यात पाठवलं. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत दादा शहाण्यासारखा वागला. मग त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

प्रत्येक प्रेससमोर किरणांचा एक पडदा असतो. हात आत गेला की किरण तुटतात, आणि किरण तुटले की ठोका पडत नाही. या प्रेसचा पडदा त्याच दिवशी सकाळी वायरमनने पुसून बसवला होता. तेवढं दादाला पुरे झालं. त्याने वायरमनला पॅनेलमागून कॉलर धरून बाहेर ओढलं आणि त्याचं तोंड खांबावर आपटलं. नाक फुटलं, पुढचे दात तुटले. पडदा चालू आहे, मी तपासलाय, असं तो बिचारा सांगत होता, पण दात तुटले की माणसाचं खरंही खोटं वाटतं. मागून आणखी पाच-सहा जण आले. धाकटा सगळ्यांचा लाडका होता. ज्याला हात मारायला जागा मिळाली नाही त्याने लाथ मारली.

वर ताईने प्रेसची स्क्रिप्ट उघडली. तिची एक शिस्त होती आणि त्या शिस्तीचा तिला भारी तोरा होता. तिच्या स्क्रिप्ट अडचण आली म्हणून कोलमडत नसत. स्क्रिप्टमधली प्रत्येक तपासणी आपली अडचण उत्तर म्हणून परत द्यायची, आणि ज्याने विचारलं त्याने ते उत्तर बघायचं. हाताखालच्या पोरांनी उत्तर न बघता पुढची ओळ लिहिली तर ती त्यांना फाडून खायची. ती पोरं तिला मागे 'उत्तरबाई' म्हणत.

पूर्वी पडद्याची तपासणी एकच उत्तर द्यायची. शून्य म्हणजे अडचण नाही, ठोका पडू दे. आठवड्यापूर्वी ताईने ती सुधारून दोन उत्तरं द्यायला लावली होती. पहिलं, किती किरण पोचले. दुसरं, तक्रार असली तर तक्रार. जिथे जिथे ही तपासणी वापरली होती तिथे तिने नवी ओळ लिहिली. आठवडाभर बंद असलेली ही एक जुनी प्रेस राहून गेली. तिथली ओळ अजून पहिलंच उत्तर घेत होती आणि दुसरं वाऱ्यावर सोडत होती. स्क्रिप्टलाही त्याचं काही वाटत नव्हतं.

पडदा मोकळा असताना आकडा शून्य नसायचा, म्हणून सकाळपासून ही प्रेस ठोकाच मारत नव्हती, आणि का ते बघायला धाकट्याने हात आत घातला. एकही किरण पोचला नाही. पडद्याने इमानाने दोन्ही उत्तरं दिली: शून्य, आणि आड काहीतरी आहे. ओळीने शून्य घेतलं आणि सगळं ठीक आहे असं समजून ठोका मारला.

ताईने ती ओळ पुन्हा वाचली. आपण आपल्या भावाचा हात चिरडला. आणि लगेच दुसरा विचार आला, त्याची तिला नंतरही किळस आली: हे वाचता येणारं आत्ता इथे दुसरं कोणी नाही, लपवता येईल. खालून हाड मोडल्याचा आवाज आला. ती जिन्यावरून धावत सुटली.

चूक माझी आहे, पडदा बरोबर होता, असं ती गर्दीच्या पाठीवर ओरडून सांगत राहिली. सगळ्यांना ऐकू गेलं, कोणी मनावर घेतलं नाही. एकाने तर तिला, ताई, तुम्ही घरी जा, असं समजुतीने सांगितलं आणि पुन्हा लाथ उगारली. तिने दादाचा दंड धरला. त्याने न बघताच कोपर मागे मारलं आणि तिचा ओठ फाटला. वायरमन आता डोक्यावर हातसुद्धा घेत नव्हता. दादाने त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी गळा धरला.

ताईने मशीनवरचा मोठा पाना उचलला आणि जीव खाऊन दादाच्या खांद्यावर घातला.

हाड कडकन मोडलं. दादा कुशीवर पडला, त्याचा हात लुळा लोंबत होता. सगळे जागच्या जागी थांबले.

"आता ऐक," ताई म्हणाली. तोंडातलं रक्त तिने थुंकलं. "पडद्याने सांगितलं होतं की हात आत आहे. मी ते बघितलंच नाही. ती ओळ माझी आहे. हात मी तोडलाय, याने नाही."

दादाने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तिला अंगाखांद्यावर खेळवणारा भाऊ तो, पण त्या नजरेत ओळख नव्हती.

वायरमनभोवतीचं कडं हळूहळू वळून तिच्याभोवती झालं होतं. पाना तिच्या हातात होता. तिने तो खाली टाकला.

"आधी त्याला गाडीत घाला," ती म्हणाली. "श्वास चालू आहे त्याचा. मी कुठे जात नाही."

त्यांनी वायरमनला उचलून दुसऱ्या गाडीत घातलं आणि गाडी रवाना केली. मग ते तिच्याकडे आले. दादाने त्यांना अडवलं नाही.