बोअर बंद होती ते अकरा दिवस

आमच्या सुंबरदुरेन गावात बोअरला पंप लागत नाही. ब्रोमो डोंगराच्या उतारावर मुरलेलं पाणी खालून एवढ्या जोराने येतं की पाइप पुरेसा खोल गेला की ते आपलं आपण उसळतं आणि मग दिवसरात्र वाहत राहतं. कोणी ते बंद करत नाही. बंद केलेली बोअर मरते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या थोरल्या भावाने एकदा केळीचा खुंट ठोकून आठवडाभर त्याची बोअर बुजवली होती. खुंट काढला तर वाळूशिवाय काही आलं नाही.

माझी बोअर गावात सगळ्यांत जोरकस. बापाने सहा माणसं घेऊन चाळीस दिवसांत हाताने पाडलेली. वीस लिटरची बादली पाच मोजेपर्यंत भरायची. मोठेपणा सांगतोय म्हणा हवं तर. सांगतोच.

अशा गावात सुलासी नावाची बाई बोअरी मोजत फिरायची. आमच्या नदीकाठच्या सगळ्या गावांनी मिळून एक पाणी-मंडळ केलं होतं, त्याने तिला नेमलेली. पगार पेट्रोलपुरता. मोटारसायकलच्या मागे बांबू, त्याला बांधलेली पारदर्शक नळी, बादली आणि घड्याळ. नळी पाइपाला जोडायची, बांबू उभा धरायचा, पाणी नळीत किती चढलं ते वहीत लिहायचं. डोंगरापासून समुद्रापर्यंत निवडक साठ बोअरी, दर महिन्याला, नऊ वर्षं. रोजे असोत की अंगात ताप, तिचा फेरा चुकला नाही. सुरुवातीला आम्ही तिला फार पिडलं.

"इबू, आमच्या बायकोचं डोकं किती चढलंय तेही मोजून द्या," मी एकदा म्हणालो. बाईमाणसाला आम्ही मानाने इबू म्हणतो, पुरुषाला बापाक.

"त्याला एवढा बांबू पुरायचा नाही, बापाक," ती म्हणाली आणि पुढच्या बांधावर गेली.

तिचे आकडे मात्र दरवर्षी उतरत होते. समुद्राकडच्या तांबाकलोरमधली मशिदीची बोअर तर चार वर्षांपूर्वी थांबली. तिथले लोक नमाजाआधीच्या वजूलाही कॅनने पाणी आणत.

यंदा कापणी जवळ आल्यावर ती माझ्याकडे आली आणि ओट्यावर ठाण मांडून बसली. बायकोने कॉफी आणली.

"बापाक कास्मुरी, भात पिकलंय. आता शेताला पाणी नको, ते उगाच वाहून जातंय आणि खाली समुद्राकडे दाब उरत नाही. अकरा दिवस तुमची बोअर व्हॉल्व्ह बसवून बंद ठेवायची."

"आणि मेली तर?"

"मरणार नाही. सव्वीस जण तयार झालेत. पण तुमची वाहत राहिली तर खाली काही फरकच दिसायचा नाही."

"त्यांच्या बोअरी म्हणजे गळक्या नळासारख्या. मेल्या काय, जगल्या काय!"

"मग बरोबर. तुमच्या बोअरला नुसता आवाज आहे, दम नाही. अकरा दिवसांत जीव जाईल बिचारीचा."

बायको तोंडाला पदर लावून हसली. मी चिडलो, आणि चिडलो की माझ्या तोंडून भलतंच निघतं. "बसवा तुमचा व्हॉल्व्ह!" म्हणालो.

तिने तो एका झटक्यात बंद केला नाही. पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, पाइपाला कान लावायचा, मग पुन्हा पाव फेरा. दांडग्या बैलाची वेसणही कोणी एकदम ओढत नाही. तासाभराने पाणी थांबलं.

त्या अकरा दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. तीस वर्षं कानात असलेला आवाज गेला होता. माझी बदकं शेजाऱ्याच्या चरात जाऊन बसली. बायको म्हणाली, "मी महिनाभर अंथरुणाला खिळले होते, तेव्हा नव्हतं असं सुतकी तोंड केलं!"

नवव्या दिवशी सुलासीने मला तांबाकलोरला नेलं. मशिदीच्या अंगणात गंजलेला पाइप होता. त्याच्या तोंडावरून दोऱ्याएवढी धार सांडत होती. मशीद झाडणारे एक म्हातारबाबा त्या धारेखाली ओंजळ धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

"हे माझं पाणी," मी म्हणालो.

"सत्तावीस जणांचं," ती म्हणाली आणि नळी जोडायला वाकली.

अकरा दिवस भरल्यावर सकाळी तिने माझा व्हॉल्व्ह उघडला, तितक्याच हळू. आधी हवा, मग लाल चिखल, मग वाळू. अखेर स्वच्छ पाणी आलं. तिने बादली धरली आणि मोठ्याने मोजू लागली. पाच झाले. सहा. सात. तेव्हा बादली भरली.

तासभर पाणी वाहू दिलं. पुन्हा सात. दुपारी पुन्हा सात. तळाशी वाळू बसली असणार, ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मी बांधावरून चालता झालो. थांबलो असतो तर शिव्याच निघाल्या असत्या.

त्याच संध्याकाळी चावडीवर सभा होती. गावातल्या तीनशे बोअरींना व्हॉल्व्ह बसवायचे की नाहीत ते ठरायचं होतं. माझा शेजारी रोखिम मनाने वाईट नाही. जाताना वाटेत त्याने माझ्यादेखतच तिला गाठलं. "इबू, मशिदीचं सांगा, लोक खूश होतील. कास्मुरीचं कशाला काढता? झाकली मूठ सव्वा लाखाची. हा कटकट करेल, पण आम्ही याला समजावू."

तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

सभेत तिने वही उघडली. "पहिला आकडा बापाक कास्मुरींच्या बोअरचा. पाच मोजेपर्यंत बादली भरायची, आता सात लागतात. काही होणार नाही असा शब्द मी त्यांना दिला होता. माझं चुकलं. बाकी सव्वीस जशाच्या तशा आहेत. मशिदीत पाणी आलंय, ते नंतर सांगते. आधी हे ऐकून घ्या."

एकच गलका झाला. "बघितलंत!" कोणीतरी मागून ओरडलं. "आमच्याही मारा आता!" मग सगळे माझ्याकडे बघू लागले. माझा स्वभाव गावाला ठाऊक आहे.

मी उठलो. "नऊ वर्षं हिचे आकडे आपण खोटे म्हटले, कारण ते आपल्याला नको होते. आज तिला स्वतःला नको असलेला आकडा तिने आधी वाचला. बोअर माझी. रडायचंच असेल तर मी रडेन, तुम्ही नाही. सातावर माझं शेत भिजतं. पुढची रोपं टाकेपर्यंत ती पुन्हा बंद राहील. आता व्हॉल्व्ह कोणाकोणाला हवेत, हात वर करा."

तीनशेतले एकतीस हात वर आले. रोखिमचा सगळ्यांत शेवटी.

सभा संपल्यावर सुलासी माझ्यासोबत बांधापर्यंत आली. पाणी धो धो वाहत होतं. मी व्हॉल्व्हवर हात ठेवला, पण तो फिरवायचा धीर होईना. तिने पाइपाला कान लावला.

"बापाक, या खेपेला आणखी उतरलं तर?"

"तर तेही असंच वाचा, सगळ्यांसमोर," मी म्हणालो आणि पाव फेरा दिला.