मी लाल नव्हते

माझ्या विक्रीतून मालकांच्या जावईबापूंना शेकडा दहा मिळणार होते. साठ लाख येतील असा अंदाज होता; त्याचे सहा. मित्रांनो, हे आधीच सांगते, कारण माझी जी वाट लागली ती या सहा लाखांपायी.

मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोनच दारं, लांब नाक, अंगावर कारखान्यातच चढलेला शेवाळी रंग. माझ्या चेसीवर, म्हणजे सांगाड्यावर, आणि इंजिनावर एकच आकडा ठोकलेला होता. माझं काळीज कधी बदललेलं नाही, याचा तो दाखला.

माझे मालक कृत्रिम दात बनवायचे. हजारो तोंडांत दात बसवले, तेव्हा कुठे मी घरी आले. चाळीस वर्षं माझा प्रत्येक नट त्यांनी स्वतः आवळला. मग गुडघे गेले. माझी सीट जमिनीपासून वीतभर; आत बसणं जमायचं, बाहेर काढायला दोन माणसं लागायची. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्याच इमारतीत तळमजल्याची जागा विकायला निघाली होती. वरची विकूनही पन्नास लाख कमी पडत होते. म्हणून मला विकायचं ठरलं.

"बाबा, स्पोर्ट्स कार म्हटली की लालच हवी! भाव वाढतो." जावईबापू म्हणाले.

"आहे तशीच राहू द्या ना."

"तुम्ही दातांचं बघा, गाडीचं मी बघतो."

जावयाला नाही कसं म्हणायचं? मालकांनी किल्ली दिली. हीच त्यांची चूक.

रंगारी तरी शहाणा होता. "साहेब, मूळ रंग आहे. खरवडू?"

"खरवड. आणि इंजिन असं घास की तोंड दिसलं पाहिजे."

ग्राइंडर फिरला. इंजिनावरचा माझा आकडा भुसा होऊन फरशीवर पडला, आणि हे गृहस्थ मोबाईलवर माझे फोटो काढत होते!

मग किंमत ठरवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी पर्समधून लोहचुंबक काढून माझ्या दारावर टेकवला. पत्र्याला चिकटायचा तो नव्या रंगाखाली थापलेल्या पुट्टीवरून घसरला. बॉनेट उघडून त्या वाकल्या.

"आकडा कुठाय?"

"गंजला होता हो, घासून टाकला."

"तो गंज नव्हता, पुरावा होता. आता हे इंजिन हिचंच, हे मी तुमच्या तोंडाकडे बघून लिहू?"

"पण दिसतेय किती छान!"

"स्थळ बघायला आलेय का मी? एकवीस लाख. तेही कुणाला लाल आवडली तर."

मी एकवीसलाच गेले. जावईबापूंनी त्यातूनही आपले शेकडा दहा कापून घेतले. "ठरलं होतं ना, बाबा?" रंगाचं एक लाख नव्वद हजारांचं बिल मालकांच्याच नावावर. बाईंची फी वेगळी. तळमजला दुसऱ्याच कुणी घेतला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला उजळवायला निघालात, तर आधी तिच्या माणसाला विचारा, आणि तो 'नको' म्हणाला तर हात खिशात घाला.

मला न्यायला ट्रक आला, तेव्हा मालक निरोप द्यायला उतरले. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तीन मजल्यांना वीस मिनिटं लागायची. जावईबापू खाली उभे राहून घड्याळ बघत होते. सगळ्यांचे पैसे चुकते झाले होते. किंमत मोजणारा अजून जिन्यातच होता.