साडेसहा कधी चुकत नाही

मादी माझ्या गोळीनं पडली. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी सांगायला मला दुपार लागली, आणि तेवढा उशीर पुरेसा होता.

नेम पिल्लावर होता. शिकारीच्या मोसमाचा दुसरा दिवस, दलदलीवर धुकं इतकं मऊ पसरलेलं की पाय टाकताना त्याला दुखेल असं वाटावं. त्यातून मूसचं, म्हणजे आमच्याकडच्या घोड्याहून उंच सांबराचं, पिल्लू बाहेर आलं, लांब पायांचं, उगाच घाईत असल्यासारखं. मी श्वास धरला, चाप ओढला, आणि त्याच क्षणी त्याची आई एक पाऊल पुढं आली. आया तशाच असतात. रायफलीच्या दुर्बिणीत तिच्या खांद्यामागचे केस थरारलेले दिसले. तेव्हाच माझ्या डाव्या हाताला बसलेल्या शिकाऱ्याच्या ठाण्यावरून दुसरा बार झाला आणि मादीच्या पाठीच्या खूप वर एका बर्चच्या झाडाची साल भुरकन उडाली.

तो बार हेनिंगचा. हेनिंग एक्क्याऐंशी वर्षांचा, जन्मभर लाकूडतोड केलेला. डोळे आता दुधाळ झालेत. डॉक्टरनं सांगितलं होतं, हा मोसम शेवटचा.

मादी चार पावलं चालली आणि बसल्यासारखी पडली. पिल्लू जंगलात पळालं.

आमच्या गटाचा नियम साधा. ज्यानं पिल्लाच्या आधी आई पाडली, त्याची रायफल मोसम संपेपर्यंत खुंटीला, आणि त्यानं रोज शेकोटी सांभाळून सगळ्यांना कॉफी द्यायची. मी वॉकीटॉकीवर म्हणालो, "मादी पडली." कुणी पाडली ते म्हणालो नाही. आमच्या स्वीडिशमध्ये असं वाक्य सोयीचं असतं.

आमच्या लिलमीरोस गावात नवरे बदलतात, बायका बदलतात, चर्चमध्ये पाद्री बदलतो तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. काडतूस मात्र बदलत नाही. साडेसहा मिलिमीटर. आजोबांनी ते पलटणीत वापरलं, बापानं चांदमारीत, आम्ही चांदमारीतही आणि शिकारीतही. ऑगस्टमध्ये रुळावरून पळणाऱ्या लाकडी मूसवर, सप्टेंबरात खऱ्यावर. नवी काडतुसं येतात, जाहिराती येतात. दुकानदार बिचारा जाडजूड डबे मांडून ठेवतो आणि आम्ही तेच मागतो. दुसऱ्या पेल्यानंतर त्याचं गाणंही होतं:

साडेसहा माझी सखी, खांद्याला ना देई धका,
दोनशे पावलांवरून काळजाचा घेई मुका.

गटात दहा माणसं, नऊ पुरुष साडेसहावाले. दहावी गुनवोर, शाळेची बस चालवते. तिची गोळी नऊ मिलिमीटरहून जाड. आम्ही तिला तोफखाना म्हणतो.

पोरकं पिल्लू रानात सोडायचं नाही, हाही नियम. कुत्र्यानं ते दुपारी भुंकून अडवून धरलं आणि गुनवोरनं एका गोळीत उभ्याचं खाली आणलं. त्याला कळायच्या आत संपलं. वाईट काम तिनं चांगलं केलं, आणि शाबासकी म्हणून आम्ही काय म्हणालो?

"आता रश्शाला हाडं तरी उरलीत का बघा!"

"गुनवोर, मूस मारलास की पूल उडवलास?"

ती हसली नाही. "भोक बघा, म्हणजे कुणी मारलं ते कळेल," म्हणाली. "तुमच्या मादीला कुणी मारलं?"

मूस सोलायच्या शेडमध्ये मादी उलटी टांगली होती. आमचा म्होरक्या सिक्स्टेन, अबोल माणूस. त्यानं पलीकडच्या कातड्याखालून गोळी काढली. पुढून फुललेली, बुडाशी जशीच्या तशी. मापकात धरली. साडेसहा. सगळ्यांनी अशा समाधानानं माना हलवल्या, जणू कुणी आमच्या लेकीचं कौतुक केलं.

"काय सरळ गेलीये!"

"मांस बघ, एक चमचासुद्धा वाया नाही."

"माझे आजोबा म्हणायचे..."

"आजोबांनी मारली का?" गुनवोर म्हणाली. "नऊ जण, गोळी एकच. खून झाला तरी तुम्ही एकमेकांची पाठ थोपटाल. म्हणूनच आवडतं ना तुम्हाला हे काडतूस? कुणाचंही असू शकतं."

सिक्स्टेननं हात पुसले. "बार दोघांनी काढले. तोरेनं आणि हेनिंगनं. कुणाची?"

तोरे म्हणजे मी. मी बुटांकडे बघितलं. बुटांना काही माहीत नव्हतं. तेवढ्यात बाकीचे हेनिंगकडे बघायला लागले. ती नजर मला सहन झाली नाही. म्हाताऱ्या कुत्र्यानं घरात ओलं केलं की बघतात तशी. एकजण हळूच म्हणाला, "जाऊ दे सिक्स्टेन, धुकं होतं. वय झालंय त्याचं."

"माझी आहे," मी म्हणालो.

"माझी आहे," हेनिंग म्हणाला.

दोघं एकदमच बोललो. मग तो माझ्याकडे वळला. "तुझी? मग माझी कुठं गेली, पोरा? रशियाला?"

सगळे हसले. पोर अठ्ठावन्न वर्षांचं होतं.

"वर गेली, हेनिंग. बर्चला लागली. मी बघितलं."

हसू थांबलं. हेनिंगनं हातातला कॉफीचा पेला टेबलावर ठेवला.

"मी चुकलो म्हणतोस?"

"धुकं होतं—"

"धुकं तुझ्या डोळ्यात! सत्तावन्न मोसम झाले. पळत्या लाकडी मूसवर पाचांत पाच मारायचो, तेव्हा तू लंगोटात होतास. साडेसहा कधी चुकत नाही."

"काडतूस नाही रे चुकत," गुनवोर मऊ आवाजात म्हणाली. "माणूस चुकतो. उद्या बर्च बघून येऊ. असेल तर सापडेल. तुझा मोसम वाचेल, हेनिंग."

मोसम वाचेल. शेवटचा. त्याला ते कळलं होतं. एवढं तरी त्याला नीट दिसत होतं. एका बाजूला तीन आठवडे, पहाटेचं दव, कुत्र्याची लांबून येणारी हाक, गुडघ्यावर ठेवलेली रायफल. दुसऱ्या बाजूला झाडात रुतलेली एक गोळी.

"कुणी त्या झाडाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "मादी मी पाडली. स्वच्छ पाडली. खुंटी कुठंय?"

त्यानं स्वतःच रायफल टांगली, पट्टा सरळ केला, आणि लग्नात नाव पुकारल्यासारखा ताठ उभा राहिला.

मी सिक्स्टेनला बाहेर गाठलं. "खरंच माझी होती. रायफल माझी टांग."

"माहितेय."

"मग?"

"मग आत जाऊन त्याला सांग, सगळ्यांसमोर, की त्यानं दोनशे पावलांवरून झाड मारलं. जा." त्यानं दाराकडे बोट केलं. "सकाळी वॉकीटॉकीवर सांगितलं असतंस, तर त्याला विचारायची वेळच आली नसती."

मी आत गेलो नाही. दोनदा तर सांगितलं, असं मनाशी म्हणालो. तिसऱ्यांदा सांगायला कुणी तोंड धरलं नव्हतं. आणि घरी जाताना लक्षात आलं, आपला मोसम वाचला म्हणून पाय हलके पडतायत. त्या पायांना मी शिवी दिली. ते हलकेच राहिले.

दुसऱ्या दिवशी हेनिंगचं ठाणं रिकामं, म्हणून सिक्स्टेननं मला तिथं बसवलं. ती त्याची शिक्षा होती की सोय, त्यालाच ठाऊक. समोर बर्च होता. सालीला जखम, उंचीवर, मूसवर मूस उभा केला असता तरी पोचला नसता इतकी. दिवसभर मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला.

दुपारी शेकोटीपाशी गेलो तर हेनिंगचा दरबार भरलेला. किटली काळी, कॉफी त्याहून काळी, त्यात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चीजचे तुकडे पोहत होते. शेजारच्या गावचे दोन शिकारी मुद्दाम आले होते. गुनवोर ओंडक्यावर बसून सॉसेज भाजत होती.

"धुकं असं," हेनिंग त्यांना सांगत होता, "की स्वतःचा अंगठा दिसेना. मी कानानं नेम धरला. तिचा श्वास ऐकला आणि सोडली. हो, पिल्लू मागं होतं, चूक ती चूक, शिक्षा भोगतोय. पण गोळी कुठं बसली विचारा! बरोबर खांद्यामागं." त्याचे दुधाळ डोळे मला शोधत फिरले. "तोरे आला का? हा बाजूलाच होता. सांग यांना, पोरा. आवाजावरूनच कळलं ना तुला, लागली म्हणून?"

त्यानं कॉफीचा मग पुढं केला. दोन थेंब माझ्या मनगटावर सांडले, चटका बसला. गुनवोरनं सॉसेज फिरवायचं थांबवलं.

"कळलं," मी म्हणालो. "लगेच कळलं."

"बघा!" हेनिंग म्हणाला, आणि पाहुण्यांना आणखी कॉफी ओतली.