पोटापाशी थांबलेला हात

डॉक्टर म्हणाले, "ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही," आणि तिनं ते वाक्य हातांनी पुढं केलं. पडद्यावरच्या दुसऱ्या चौकोनात बसलेल्या बाईंनी मान डोलावली. बाईंना ऐकू येत नव्हतं. डॉक्टर बोलायचे, ही ते खुणांच्या भाषेत सांगायची. बाई खुणा करायच्या, ही ते डॉक्टरांना बोलून दाखवायची. तिचा धंदाच हा, दुभाषीपणाचा. झोपण्याच्या खोलीचा एक कोपरा म्हणजे ऑफिस, मागं गडद निळा पडदा, समोर दिवा, अंगात साधा काळा सदरा. हात उठून दिसायला हवेत ना!

मान डोलावली म्हणजे समजलं, असं ती कधीच धरून चालत नसे. तिनं विचारलं, "काय सांगितलं डॉक्टरांनी, मला एकदा परत सांगा."

बाईंनी लगेच सांगितलं, "सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी."

बोलताना जसा नकार शेवटी येतो, तसाच तिच्या हातांतही तो शेवटीच यायचा. तो शेवट बाईंपर्यंत पोचलाच नव्हता. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश, दोनदा. तेव्हा कुठं बाई म्हणाल्या, "हां! मघाशी तुमचा हात पोटापाशीच थांबला होता. मला वाटलं, संपलं वाक्य."

गोंधळ निस्तरला, डॉक्टरांनी आभार मानले, दुपारचा तो कॉल संपला. पण ती काही उठली नाही. तिच्या पडद्यावर तर सगळं लख्ख दिसत होतं. बाईंच्या बांगड्यांवरची नक्षीसुद्धा. मग तिचा हात कुठं अडकला?

तिनं काम वाटून देणाऱ्या बाईंना फोन लावला. "दुपारचे कॉल सध्या मला देऊ नका. सकाळचे नीट होतात, पण दुपारी माझ्याकडे काहीतरी बिघडतंय. दुरुस्त केलं की मीच कळवते."

"किती दिवस लागतील?"

"ते शोधल्यावर कळेल. पण करीन."

आता गंमत अशी, की घरातला राउटर नवाकोरा होता. नवऱ्यानं आणलेला. नवऱ्याची बेकरी, पहाटे जायचा, दुपारी घरी येऊन जेवायचा आणि आडवा व्हायचा. दुकानदारानं त्याला सांगितलं होतं की याच्यापुढं दुसरं मॉडेल नाही, आणि ते त्यानं घरी येऊन इतक्या वेळा सांगितलं की सासऱ्यांनाही पाठ झालं होतं. चहूबाजूंनी काळ्या दांड्या वर केलेलं ते यंत्र कपाटावर असं बसलं होतं, की जणू घर त्याच्याच नावावर आहे.

"नेटला काय धाड भरलीय?" नवरा म्हणाला. त्यानं मोबाइलवर वेग मोजून दाखवला. "बघ, काटा कुठं गेलाय! सिनेमा क्षणात सुरू होतो."

"सिनेमा आपल्याकडे येतो. माझे हात इथून बाहेर जातात. मला जाण्याचा वेग दाखव."

तो आकडा खाली, बारीक अक्षरांत होता आणि येण्याच्या वेगापुढं अगदीच किरकोळ होता. नवऱ्यानं मोबाइल खिशात टाकला. "असतो तेवढाच. सगळ्यांकडे असाच असतो."

"मी आत जाऊन बघते."

"अगं, आतलं काही छेडू नकोस. एकदा बिघडलं की दुकानदार पण हात वर करेल."

"बिघडलं तर मागं रिसेटचं बटण आहे. काडीनं दाबायचं, पुन्हा जन्मल्यासारखा होतो. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय, तू वाचलं नसशील."

त्यानं वाचलं नव्हतं. पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होती.

राउटर उलटा केला तर बुडाशी चिकटवलेल्या कागदावर आत शिरायचा पत्ता आणि पासवर्ड. प्रत्येक नव्या डब्यावर असतो तसला सोपा. तिनं आधी तो बदलला. आत पहिलं पान सोज्वळ होतं: वायफायचं नाव, पासवर्ड, संपलं. खाली कोपऱ्यात मात्र 'प्रगत सेटिंग' असं लिहिलेलं होतं, आणि त्यावर बोट ठेवताच असं काही भांडार उघडलं की तिनं आधी चहा करून आणला.

नवी भाषा शिकायची तिला सवय होती. अनोळखी खूण दिसली की ती घाबरत नसे. आधी-नंतर काय येतंय ते बघायची. इथंही तेच केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाहायचं, मगच पुढची. पहिल्यांदा सुरक्षेच्या पानावर गेली आणि सगळ्यांत नवीन, सगळ्यांत कडक प्रकार निवडला. सेव्ह केलं, आणि बाहेरच्या खोलीतून हाक आली.

"सूनबाई! माझा वजीर अडकला!"

सासरे त्यांच्या जुन्या मित्राशी टॅबवर बुद्धिबळ खेळत. टॅबही मित्राइतकाच जुना. नव्या कुलपाची किल्ली त्याच्याकडे नव्हतीच. तिनं निवड बदलली, नवं आणि जुनं दोन्ही चालेल अशी, आणि वजीर सुटला. "बाबा, चूक माझी होती."

"चूक असू दे, पण नेमका माझा हल्ला चालू असताना?"

मग तिनं लॅपटॉपला तार लावली. वायफाय नकोच, सरळ राउटरमधून. दादाला व्हिडिओ कॉल केला. दादा तिचा थोरला भाऊ, जन्मापासून ऐकू न येणारा; लाकडी फर्निचरला पॉलिश करायचा त्याचा कारखाना. तिची खुणांची भाषा म्हणजे त्याच्याशी भांडून भांडून आलेली भाषा. सकाळी कॉल उत्तम चालला. दुपारी पुन्हा लावला, तर दादानं हात वर करून थांबवलं.

"अडकलीस. तोंड उघडं, डोळे मिटलेले. फोटो काढून ठेवलाय."

"पुसून टाक."

"आईला पाठवला."

म्हणजे तार लावूनही तेच. म्हणजे दोष घरातल्या हवेत नव्हता, राउटरच्या दांड्यांतही नव्हता. घरातून बाहेर पडणाऱ्या अरुंद वाटेवरच कुठंतरी खोळंबा होता. ही गोष्ट उमगली तेव्हा तिला इतकं बरं वाटलं, की तिनं फोटोबद्दल दादाला माफ केलं.

प्रगत सेटिंगमध्ये 'प्राधान्य' नावाचं एक पान होतं. गर्दी झाली की कुणाला आधी जाऊ द्यायचं, ते तिथं ठरवायचं. घरात नेटला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची तिथं यादी होती, अगदी वॉशिंग मशीनसुद्धा; तिनं आपला लॅपटॉप सगळ्यांत वर ओढला. सासरे पाणी प्यायला म्हणून आले आणि खांद्यावरून डोकावले.

"यात माझा टॅब कुठाय?"

"शेवटी, बाबा."

"शेवटी." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "वॉशिंग मशीनच्याही खाली?"

ती खुर्ची वळवून त्यांच्याकडे बघून बोलली. "बाबा, तुमची एक चाल म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेली दोन अक्षरं. ती कुठल्याही फटीतून जाते. माझा व्हिडिओ म्हणजे सामानाचा ट्रक. तुम्हाला वर ठेवलं काय, खाली ठेवलं काय, तुमचं काहीच अडत नाही. पण वाईट दिसत असेल तर वॉशिंग मशीनच्या वर घेते."

"घे," सासरे म्हणाले. "अडत नसलं तरी घे."

तिनं घेतलं. पण दुपारी दादाला पुन्हा तीच अडकलेली बहीण दिसली. प्राधान्य देऊनही! तिनं आता वाहतुकीचं पान उघडलं. तिथं घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीची रेघ होती. सकाळभर ती जमिनीला टेकून होती. जेवणं झाल्यावर मात्र सरळ आभाळात गेली होती आणि खाली यायचं नाव घेत नव्हती. आतून नवऱ्याचं घोरणं ऐकू येत होतं.

ती उठली, आत गेली, उशाशी असलेल्या त्याच्या फोनचं वायफाय बंद केलं आणि परत येऊन बसली. रेघ धपकन खाली आली.

"मी?" नवरा डोळे चोळत म्हणाला. "मी तर झोपलेलो असतो!"

"तू झोपतोस. फोन कुठं झोपतो?"

झालं होतं असं. बेकरीतल्या प्रत्येक केकचा तो व्हिडिओ काढायचा; क्रीमचं फूल फिरवून, जवळून, लांबून. फोन दिवसभर ते सगळं पोटात ठेवायचा आणि घरचं वायफाय मिळालं की इंटरनेटवरच्या साठवणीच्या जागी पाठवायला लागायचा.

"बंद करू का मग ते?" त्यानं विचारलं. पण चेहरा उतरला होता. तिथूनच तो ते व्हिडिओ गिऱ्हाइकांना दाखवायचा आणि ते बघूनच लोक ऑर्डर द्यायचे, हे तिला ठाऊक होतं.

"तुझं काम का बंद करायचं? एवढा मोठा राउटर आणलास, त्यालाच कामाला लावू."

ती पुन्हा प्राधान्याच्या पानावर गेली आणि या वेळी ते पहिल्या ओळीपासून वाचलं. वरच एक रिकामी चौकट होती, मागच्या वेळी घाईत सोडलेली: तुमच्या लाइनचा बाहेर जाण्याचा वेग किती? ती रिकामी म्हणून राउटरला वाट्टेल तेवढी जागा आहे असंच वाटत होतं. गर्दी झालीय हेच त्याला कळत नव्हतं, तर तो कुणाला थांबवणार? तिनं नवऱ्याचा फोन बंद ठेवून वेग मोजला आणि चौकटीत त्याहून थोडा कमी आकडा भरला. मग नवऱ्याला म्हणाली, "आता चालू कर. सगळे केक एकदम पाठव."

रेघ वर चढली. तिनं दादाला कॉल लावला आणि सुचेल ते बोलत सुटली: आईचं गुडघ्याचं दुखणं, पॉलिशचा वास, लहानपणी त्यानं फोडलेली काच. दादा डोळे बारीक करून बघत होता.

"काय? अडकलं?"

"नाही. तुझ्या अंगठ्याच्या नखाला पीठ लागलंय."

तिनं पाहिलं. खरंच लागलं होतं. ती इतकी मोठ्यानं हसली की सासरे टॅब घेऊन दारात आले. नवरा तिच्या मागं उभा राहून एकदा पडद्याकडे, एकदा फोनकडे बघत होता. केकही जात होते, फक्त दमादमानं.

"दुकानदाराला सांगायला पाहिजे," तो म्हणाला.

"सांग की. पण त्याला म्हणावं, पुस्तिका पिशवीतून काढून देत जा."

दुसऱ्या दिवशी तिनं कळवलं, दुपारचे कॉल द्या. पहिल्याच कॉलवर त्याच बाई होत्या, डॉक्टरांनी फेरतपासणीला बोलावलेल्या. गोळी जेवणानंतरच घेताहेत, पित्त कमी झालंय, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण निम्म्यावर आणलं. तिनं ते सांगितलं आणि नेहमीसारखं परत विचारलं. बाईंनी अचूक उत्तर दिलं. आत नवरा घोरत होता, फोन आपलं काम करत होता, आणि तिचे हात चालत होते.

रविवारी दादा घरी आला. त्यालाही नवा राउटर घ्यायचा होता, आणि त्या 'प्राधान्य' प्रकाराबद्दल सगळं समजून घ्यायचं होतं. ती सांगायला बसली खरी, पण दोन वाक्यांतच तिचे हात अडले. 'बाहेर जाण्याचा वेग' याला खूणच नव्हती. एकेक अक्षर बोटांवर दाखवत बसायचं म्हणजे संध्याकाळ व्हायची.

"मग बनव," दादा म्हणाला.

तिनं एक तळवा आडवा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याखालून वर सरकवली. दादानं नाक मुरडलं. "हे तर दूध उतू गेल्यासारखं दिसतं." त्यानं स्वतःचं करून दाखवलं: छातीपासून पुढं, दोन बोटं, अरुंद.

"हे दारातून मांजर बाहेर काढल्यासारखं आहे."

"पण कळतं ना?"

कळत होतं. तिनं त्याची बोटं धरून जरा वर वळवली, त्यानं ती पुन्हा थोडी खाली आणली, आणि असं ओढूनताणून दोघांना पटेल अशी एक खूण तयार झाली. मग 'गर्दी' घेतली, मग 'आधी मला जाऊ दे'. या शेवटच्या खुणेसाठी लहानपणापासून नळाच्या रांगेत वापरलेला कोपराचा धक्का दादानं सुचवला, आणि ती म्हणाली, "हेच. याच्यात काही बदलायचं नाही."