मी कार्ड मागितलं नव्हतं

माझा नवरा महमूद याची कतारमधली नोकरी संपली. परवाच्या विमानानं आम्ही दोघं कायमचे रत्नागिरीला निघणार होतो. कंपनी म्हणाली, आधी काही देणं बाकी नाही असं बँकेचं क्लिअरन्स पत्र आणा, मगच जाता येईल. बँकेतली नयना नावाची बाई कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली, "मॅडमच्या नावावर क्रेडिट कार्ड आहे. फी थकलीय."

मॅडम म्हणजे मी, जैतून. उभ्या जन्मात मी कधी कार्ड मागितलं नाही!

कार्ड घरी आलं होतं, एवढं मात्र खरं. गावाहून कुणी परतलं की इथल्या आम्हा सगळ्या गाववाल्यांची पुडकी त्याच्या बॅगेतून येतात. तेव्हा आमच्या गावची रुकैया इथल्याच दुखान शहरात परतली होती. माझ्या बहिणीनं दिलेला सुका जवळा ती कुरिअरनं आमच्या दोहातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या घरी पाठवणार होती. दारात कुरिअरवाला आला, "ओटीपी बताओ" म्हणाला. मोबाइलवर आलेला आकडा कुणाचा ते मी बघितलंसुद्धा नाही, सांगून मोकळी झाले. पाकिटातून जवळ्याऐवजी कार्ड निघालं. कात्रीनं तुकडे करून कचऱ्यात टाकलं आणि विसरून गेले.

"पण न मागता कार्ड द्यायचं नाही, असा नियम झालाय ना?" यांनी हिंदीत विचारलं.

"म्हणूनच तर सिस्टिम अपडेट केली, सर. ओटीपी दिला म्हणजे कार्ड मागितलं, असं आम्ही धरतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्यासाठी केलेला नियम, आणि त्यातून पळवाट बँकेला! वर एक कागद पुढं सरकवून ती गोड हसून म्हणाली, "फी माफ करते. फक्त कार्ड तुम्ही स्वतः मागितलं होतं, असं लिहून सही द्या. लेटर लगेच मिळेल."

"सही कर गो," हे कुजबुजले. "खलास करून टाक."

"मी खोटं लिवून देनार नाय. सांगा तिला. चोर ते, आनि सही माझी?"

माझी हिंदी तोकडी, म्हणून बाहेर बोलायचं काम नेहमी यांचंच. हे तिला म्हणाले, "मॅडम थोडी परेशान हैं."

"परेशान?" मी ओरडले. सगळी ब्रँच वळून बघायला लागली. "जन्मभर साहेबांपुढं असंच गुळमुळीत बोललात. आज तरी मी बोलले तसं सांगा!"

मला वाटलं, आता माझ्यावरच चिडतील. पण यांनी तो कागद उचलून परत नयनापुढं ठेवला.

"मेरी बीवी ने कार्ड नहीं माँगा. चोरी आपने की है. वो साइन नहीं करेगी."

"फिर लेटर नहीं मिलेगा, सर."

"मत दीजिए."

बाहेर आल्यावर यांनी मोबाइलवर परवाची तिकिटं रद्द केली.

"चल," म्हणाले. "या बँकेची तक्रार कुठं करतात, ती जागा शोधू."