एमरिसच्या गाडीचा नंबर

पार्किंग कंपनीचं पत्र वाचून ग्लेनिस प्रॉसरच्या तोंडचं पाणी पळालं. वेल्समधल्या लानेल्लीच्या शाळेत तीस वर्षं पोरांना जेवण वाढलेली बाई. तिच्याविरुद्ध कधी साधी तक्रार नव्हती. आणि आता शंभर पौंड भरा, नाहीतर वसुली, कोर्ट! सोबत फोटो, तिची गाडी दवाखान्याजवळच्या पार्किंगमध्ये शिरतानाचा. पैसे न भरताच गाडी लावली म्हणे.

"पण मी भरले होते," ती रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाली.

पत्र तिनं पावाच्या डब्यामागे सरकवलं. दुसरं आलं, तेही तिथंच गेलं. रस्त्यात व्हॅन थांबली की वसुलीवाले आले असं वाटून ती पडदे ओढून घ्यायची. एका सकाळी पिवळ्या जाकिटातल्या माणसानं दार ठोठावलं, तशी ती जिन्याखालच्या कपाटात शिरली आणि तोंडावर हात दाबून बसली.

"ग्लेनिस! अगं, गॅसचं मीटर बघायला आलाय तो!" शेजारची बेटी पत्रं टाकायच्या फटीतून ओरडली. "जिवंत आहेस ना?"

तो माणूस गेल्यावर ग्लेनिसनं काढून दिलेली दोन्ही पत्रं बेटीनं वाचली. "मला आधी सांगायला काय झालं होतं, बये? हे पोलिसांचं नाही, खासगी कंपनीचं आहे. अपील कर. पावती आहे?"

पावती गाडीत सापडली. बेटीनं चष्मा चढवला. "तारीख बरोबर, वेळ बरोबर. पण हा नंबर कुणाचा?"

ग्लेनिसनं पावती हातात घेतली. पार्किंगचे पैसे भरताना यंत्रावर गाडीचा नंबर दाबावा लागतो; तिनं नवऱ्याच्या, एमरिसच्या गाडीचा दाबला होता. तो जाऊन चार महिने झाले होते, ती गाडी विकून दुसरी घेतल्याला तीन.

"लबाडी केली म्हणतील गं."

"झालं ते लिही. तसंच्या तसं."

'बावीस वर्षं आमच्याकडे तीच गाडी होती,' तिनं लिहिलं. 'बोटं आपोआप त्याच नंबरावर गेली.' पावतीची प्रत जोडली. पुढचे अठरा दिवस टपाल पडल्याचा आवाज झाला, की ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहायची.

उत्तराचं पाकीट बेटीनंच फोडलं. "दंड रद्द केलाय! पूर्ण!"

ग्लेनिसनं ते दोनदा वाचलं. "परत मागणार नाहीत ना?"

"नाही गं."

तरी महिनाभर कुणी दार वाजवलं, की ती दाराची साखळी न काढताच आधी फटीतून बघायची.